एका पायावर तयार

कोकिळा एका जागी निवांत बसलेली बोरी गावात कुणी पाहिली नव्हती. लग्नाची पंगत बसली की ती वाढायला उठायची, वाढून झालं की पत्रावळ्या उचलायला. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाया बाकड्यावर बसून गप्पा हाणायच्या आणि ही दारापर्यंत चकरा मारत राहायची. “हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं धाडलीया,” असं तिच्या सासूबाई चतुराबाई म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, ते कळायचं नाही.

अशा बाईला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली. जिंतूर डेपो, जिंतूर ते परभणी फेरी, वाटेत तिचंच गाव बोरी. नवरा बजरंग घरची सोयाबीन-कपाशी बघायचा. कोकिळा पहाटे भाकरी थापून डेपो गाठायची आणि दिवसभर गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडायची. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडी कायम ठासून भरलेली. त्या गर्दीतनं ती माशासारखी निघायची. कशालाही हात न लावता. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुट्टे, आणि गाडी कितीही हेलकावली तरी कोकिळा सरळ. नव्या कंडक्टर पोरी सीटच्या दांड्या धरून धरून चालायच्या तेव्हा ती हसायची. “दांडी धरली की हात गेला,” म्हणायची.

तिचे ड्रायव्हर माणिकराव. निवृत्तीला आलेले, तोंडात कायम बडीशेप. ती त्यांना मामा म्हणायची.

झरीच्या पुढं एक दिवस म्हशीची वगार आडवी आली. माणिकरावांनी ब्रेक दाबला. कोकिळा तेव्हा दारापाशी एका म्हाताऱ्याला उरलेले पैसे देत होती. गाडी थांबली, ती थांबली नाही. डावा पाय पायरीवर आडवा पडला आणि सगळं अंग त्याच्यावर आलं. आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

“जनावर वाचलं का, मामा?” तिनं खालूनच विचारलं.

“जनावर पळालं. तुमी उठू नका.”

“मागच्या तीन सीटचं तिकीट राहिलंय,” म्हणत तिनं उठायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

घोट्याचं हाड तडकलं होतं, बाजूच्या शिरा ताणल्या होत्या. प्लास्टर बसलं. प्लास्टरचे ते दिवस बजरंगच्या घरात कुणालाच सुखाचे गेले नाहीत. कोकिळा बाजेवर बसून कोथिंबीर निवडायची, ती संपली की शेंगा फोडायची, शेंगा संपल्या की बसल्या जागेवरनं घर चालवायची. “आवं, ते दार वाजायलंय, बघा.” “आत्याबाई, चुलीवरचं उतू जाईल.” “कोण आलं? कोण गेलं?” बजरंग कधी नव्हे तो दिवस दिवस रानात थांबायला लागला.

प्लास्टर निघालं. पाय निघाला तो कुणा दुसऱ्याच बाईचा वाटावा असा, पिंढरी आटलेली, कातडी कोंड्यासारखी सुटलेली. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, हाड जुळलं, हळूहळू चाला. कोकिळानं त्यातलं ‘चाला’ एवढंच ऐकलं आणि ड्युटीवर हजर झाली.

डेपोच्या फाटकातनं गाडी वळली तेव्हाच तिला कळलं. पाय दुखत नव्हता. पण तो तिथं नव्हताच म्हणा. गाडी डावीकडं कलली की पूर्वी तिच्या अंगाला आपोआप ठाऊक असायचं काय करायचं ते. आता गाडी कलली आणि ती आख्खी कलली. तिनं दांडी धरली. दांडी धरून तिकीट काढता येईना. दांडी सोडली की छातीत धडधडायला लागायचं. चांदजच्या थांब्यापर्यंत अर्धी गाडी बिनतिकिटाची. शेवटी माणिकरावांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, “थांबलेल्या गाडीत काढा तिकिटं. मग निघू.”

“म्याडम, परभणीला कोर्टाची तारीख हाय,” मागनं कुणीतरी ओरडलं.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी डेपोत साहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत. “काही दिवस चौकशीच्या खिडकीत बसा,” एवढंच म्हणाले.

ते ‘बसा’ तिला लागलं.

खिडकीतली खुर्ची चांगली होती, वर पंखा होता. पुष्कळ जण त्या जागेसाठी टपलेले असायचे. कोकिळाला मात्र तिथं मुंग्या चढायच्या. कुणी विचारलं, “पाथरी गाडी लागली का?” की सांगायच्या ऐवजी ती लंगडत उठून फलाटावर बघायला जायची. परत येईस्तोवर खिडकीपुढं रांग. तिची परभणी गाडी तिच्या डोळ्यांदेखत सुटायची आणि तिच्या जागेवर दुसरीच बाई घंटी मारायची. ती दोनदा वाजलेली घंटी ऐकली की कोकिळाचा उजवा पाय टेबलाखाली आपसूक हलायचा. डावा गप्प.

माणिकरावांच्या सुनेला कंबरेसाठी ज्यांच्याकडं नेलं होतं त्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमचं नाव मामांनीच सांगितलं. राजेश्री मॅडम, मूळच्या पालमच्या, परभणीत वसमत रोडला छोटा दवाखाना. कोकिळा सुट्टीच्या दिवशी गेली. तिला वाटलं होतं मशीन लावतील, शेक देतील. राजेश्रीनं तिला भिंतीशेजारी अनवाणी उभं केलं आणि म्हणाली, “उजवा पाय उचला. डाव्यावर उभ्या राहा.”

कोकिळानं पाय उचलला आणि तत्काळ भिंत धरली. पुन्हा उचलला. पुन्हा भिंत.

“एवढंबी येईना का मला?” तिला हसू आलं आणि हसताना डोळे भरले.

“हाड जुळलंय ताई. पण प्लास्टरमधी पायाला काम नव्हतं, तो आळसावलाय,” राजेश्री म्हणाली. बोलता बोलता तिची पालमची बोली वर यायची. “अन् एकट्या घोट्याचंबी काम न्हाई हे. एका पायावर उभं राहायचं तर पोट लागतं, कंबर लागती, कुल्ला लागतो. तुमचं पोट बघा कसं सैल सोडलंय. कुल्ला एका बाजूला निसटायलाय. वरचं खोड ढिलं असल्यावर बुडानं किती तोलावं?”

तिनं स्वतः करून दाखवलं. गुडघा किंचित सैल. बेंबी आत, पण श्वास कोंडायचा नाही. दोन्ही कुल्ले एका पातळीत. नजर समोर एका ठिकाणी. जवळ भिंत किंवा दाराची चौकट, हात लागेल एवढ्या अंतरावर. दुखलं, सुजलं तर थांबायचं. दोन्ही पायांवर आळीपाळीनं, रोज, थोडं थोडं.

“अन् मग?”

“मग काय? उभं राहायचं.”

“नुस्तं उभं?”

“नुस्तं उभं.”

कोकिळाला हे औषध विषापेक्षा कडू लागलं. घरी तिनं ओट्यापाशी सुरुवात केली. पाय उचलायची आणि मनात दहा कामं रांगेनं उभी राहायची. दूध, दळण, विहिरीवरच्या मोटारीची लाईट. डोळे इकडं तिकडं फिरायचे आणि डोळे फिरले की तोल जायचा. मग ती चिडून सांगितल्यापेक्षा दुप्पट करायची. भिंतीपासून लांब जाऊन करायची. राजेश्रीनं पुढच्या खेपेला मिळेल म्हटलेला व्यायाम, एका पायावर वाकून स्टुलाला हात लावायचा, तोही तिनं आधीच सुरू केला. आठवड्याभरात तिला थोडं स्थिर उभं राहता यायला लागलं आणि तेवढ्यावर तिला वाटलं, झालं.

त्या शनिवारी ती बोरीच्या थांब्यावर माणिकरावांच्या गाडीत चढली. पास दाखवला. गाडीत जागा होती. बसली नाही. मधल्या मोकळ्या जागेत दोन्ही हात मोकळे सोडून उभी राहिली.

“बसा की ताई, जागा हाय,” एक बाई म्हणाली. तिच्या मांडीवर टोमॅटोचं टोपलं होतं.

“असू द्या. मी अशीच बरी.”

माणिकरावांनी आरशात बघितलं. “कोकिळाबाई, खाली बसा.”

“मामा, तुमी पुढं बघा.”

पहिलं वळण निभावलं. तिचा चेहरा उजळला. दुसऱ्याला एक मोटारसायकल आडवी घुसली, माणिकरावांनी पाय नुसता ब्रेकवर टेकवला, आणि कोकिळा टोमॅटोच्या टोपल्यासकट त्या बाईच्या अंगावर गेली. टोमॅटो सीटखाली, दारापर्यंत, ड्रायव्हरच्या पायापाशी. लोक गोळा करायला लागले. कुणी हसलं नाही, आणि तेच तिला सहन झालं नाही. ओळखीचे चेहरे, कालपर्यंत ज्यांना ती ‘मागं सरका, मागं सरका’ म्हणून दटावायची ते, आज तिला हाताला धरून सीटवर बसवत होते.

घोटा संध्याकाळपर्यंत टम्म फुगला.

माणिकराव घरी आले ते रागानं. चहाला हात लावला नाही. “तुमाला पाडायला मी गाडी चालवायलोय का?” म्हणाले. “एकदा पाडलं ते अजून माझ्या डोळ्यापुढनं जाईना. आता दुसऱ्यांदा? मला सांगून तरी चढायचं.” कोकिळानं पहिल्यांदाच ऐकलं की ते पडणं त्यांनाही छळत होतं.

राजेश्रीनं पायाला बोटांनी चाचपून बघितलं. नशीब, हाडाला काही नव्हतं. सूज उतरेपर्यंत आराम, मग पुन्हा पहिल्यापासून, भिंत धरून.

“पहिल्यापासून?”

“ताई, तुमचा पाय हलत न्हाई बघा. तुमी हलायल्या. घाई पायात उतरली की पाय बिचारा काय करील?”

सूज उतरल्यावर ती पुन्हा ओट्यापाशी उभी राहायला लागली. चिडून, पण उभी. आणि इथं एक वेगळीच गोष्ट झाली. चतुराबाईंच्या ध्यानात आलं की सून एका पायावर आहे तोवर पळून जाऊ शकत नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांना ही सून कधी धड सापडलीच नव्हती. बोलायला तोंड उघडावं तर ही गोठ्यात, गोठ्यात जावं तर ही गल्लीत. आता कोकिळा चौकटीपाशी पाय उचलून उभी राहिली की चतुराबाई काठी टेकत यायच्या, शेजारी पाटावर बसायच्या आणि सुरू व्हायच्या. कुणाच्या लग्नात काय झालं, बजरंग लहानपणी कसा हरवला, कुठल्या विहिरीला पाणी गोड होतं.

“आत्याबाई, मला नजर एका जागी ठिवायचीय.”

“ठिव की. कानाला कोण काय म्हणलंय?”

कोकिळाचं लक्ष गोष्टीत गेलं की मनातली कामांची रांग थोडी मागं सरायची. कधी कधी गोष्ट संपेपर्यंत पाय तसाच राहायचा. तिला ते आवडत होतं असं नाही. पण होत होतं.

एका सकाळी चतुराबाईंनी ऊसतोडीच्या दिवसांचं काढलं. तरुणपणी त्या आणि कोकिळाचे सासरे दर साल कोयत्यावर जायचे, घर बंद करून, पोराला सोबत घेऊन. तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरनं वर चढवायच्या.

“फळी केवढी? वीतभर,” चतुराबाई म्हणाल्या. “रोज चढायचे. काई वाटायचं न्हाई. एकदा दव पडलं व्हतं. फळी ओली. मधात गेले अन् पाय थरथरायला लागला. खाली बघितलं, अन् झालं. ना वर जाऊ वाटंना, ना खाली येऊ वाटंना. मोळी टाकली अन् तशीच खाली बसले फळीवर.”

“मग?”

“मग काय. मागच्या बाया ओरडायल्या, मुकादम ओरडायला. तुझ्या सासऱ्यानं हात धरून उतरवलं.”

“अन् दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी कंबर दुखती म्हणले अन् तोडायलाच राहिले. परत फळीवर पाय ठिवलाच न्हाई. पुढचे सगळे साल तुझा सासरा माझ्याबी मोळ्या वाहायचा. त्याला वाटायचं खरंच कंबर दुखती.”

कोकिळाचा पाय खाली आला होता. “तुमचं भेव गेलं न्हाई मग कदी?”

चतुराबाईंनी जरा विचार केला. “गेलं का ऱ्हायलं कुणाला ठाव? बघितलंच न्हाई जाऊन.”

आणि त्या काठी टेकत उठून बाहेर गेल्या, कोंबड्या हाकलायला.

त्या दिवशी कोकिळाला कुठंच चैन पडली नाही. खिडकीत बसून तिनं मानवतला जाणाऱ्या माणसाला पूर्णेच्या गाडीची वेळ सांगितली. संध्याकाळी बजरंगनं विचारलं, “काय झालं?” तर म्हणाली, “काय न्हाई.” तिला रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती, की पंख्याखालची खुर्ची हळूहळू आपली होईल आणि लोकांना वाटेल पायच तसा आहे.

राजेश्रीकडं पुढच्या वेळी गेली तेव्हा तिनं नेहमीसारखं ‘अजून किती दिवस?’ विचारलं नाही. “आता पुढचं काय?” म्हणाली. राजेश्रीनं तिच्याकडं बघितलं आणि पुढचं दिलं. एका पायावर उभं राहून, पाठ सरळ ठेवून वाकायचं आणि स्टुलावरचा तांब्या उचलायचा, परत ठेवायचा. पायरीवरनं खाली उतरताना टाच जमिनीला टेकेपर्यंत सगळा भार वरच्या पायावर ठेवायचा, धपकन सोडायचा नाही. सुरुवातीला तांब्या रिकामा. तरी कोकिळा घामानं भिजायची. तिला नवल वाटायचं, पाय एवढासा हलतो आणि दुखतं पोट.

मग शेवटचा धडा आला. एका पायावर उभं राहायचं आणि समोरच्यानं फेकलेली वस्तू झेलायची. समोरचा म्हणजे बजरंग. त्यानं फडक्यात मूठभर सोयाबीन बांधून पुरचुंडी केली आणि अंगणात उभा राहिला.

“हळू फेका.”

“हळूच फेकायलोय.”

पहिली पुरचुंडी तिच्या कपाळाला लागली. दुसरी तिनं झेलली आणि पडता पडता चौकट धरली. बजरंगला हसू आवरेना. शेजारच्या बाया भिंतीवरनं डोकावल्या. “काय खेळ मांडलाय नवरा-बायकोनं,” एक म्हणाली. कोकिळा लाजली नाही. “टाका,” म्हणाली. रोज संध्याकाळी रानातनं आल्यावर बजरंग हात धुवायच्या आधी पुरचुंडी उचलायला लागला. एवढ्या वर्षांत दोघं असे समोरासमोर कधी उभे राहिले होते, हे दोघांनाही आठवलं नसतं. काही दिवसांनी तो डावीकडं उजवीकडं फेकू लागला आणि तिचं अंग वळायला लागलं, पाय जागेवर ठेवून. पुरचुंडीचं फडकं फाटलं आणि सोयाबीन अंगणभर झालं, तेव्हा चतुराबाईंनी दोघांनाही शिव्या घातल्या.

डॉक्टरांनी कामाला हरकत नाही असं लिहून दिलं. साहेबांनी विचारलं, “नक्की ना? खिडकी तुमच्यासाठी ठेवतो हवी तर.” “नको,” ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

पहिल्या दिवशी माणिकराव म्हणाले, “सावकाश घेतो.”

“न्हाई मामा. रोजच्यासारखी घ्या.”

“मग मी घेतो सावकाशच,” म्हणत त्यांनी गियर टाकला.

बोरीला गाडी भरली. त्यात ओळखीच्या बाया, शाळेच्या पोरी, बियाण्याच्या पिशव्या. झरीच्या अलीकडं रस्ता वळला तेव्हा तिच्या एका हातात नोट होती, दुसऱ्यात मशीन. गाडी कलली. गुडघा आपोआप सैल झाला, पोट आत गेलं, डाव्या पायाचा अंगठा जमिनीत रुतल्यासारखा दाबला गेला आणि तिकीट मशीनमधनं बाहेर आलं. समोरच्या माणसाला काही कळलंही नाही. तो सुट्ट्यांसाठी हात पुढं करून बसला होता. पुढच्याच खड्ड्याला मात्र तिचा हात दांडीवर गेला. गेला तर गेला. तिनं दांडी धरली, खड्डा जाऊ दिला, सोडली आणि पुढच्या सीटकडं वळली. परभणीपर्यंत असंच चाललं, धरत, सोडत.

स्टँडवर चहाचा ग्लास घेऊन ती भिंतीला टेकली. माणिकराव दुसरीकडं बघत बडीशेप चघळत राहिले. मग म्हणाले, “परतीला दुसरी बाई बघू का?”

“कामून?” तिनं ग्लास रिकामा केला. “मी काय मेले का?”

त्याला आता बरेच महिने झाले. माणिकराव निवृत्त होऊन नातवंडं सांभाळतात. थंडीत सकाळी कोकिळाचा घोटा ठणकतो, लांबच्या ड्युटीनंतर थोडा सुजतो. चौकटीपाशी उभं राहणं तिनं सोडलेलं नाही आणि त्याला नावं ठेवणंही सोडलेलं नाही. चतुराबाई आता पाटावर बसत नाहीत. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून त्या नुसत्या टाचा उचलतात, खाली ठेवतात. कुणी विचारलं तर म्हणतात, पायाला मुंग्या आल्यात.

कोकिळाच्या गाडीवर नवा ड्रायव्हर आलाय, योगीराज. पोरगेला, घाईचा. ती चढायच्या आधीच गियर टाकतो. पहिल्याच दिवशी तिनं त्याच्या केबिनपाशी जाऊन सांगितलं, “घंटी मी मारल्याबिगर गाडी हलवायची न्हाई.” तो म्हणाला, “म्याडम, वेळ व्हायलाय.” ती म्हणाली, “हू दे.”

मागनं कुणीतरी ओरडलं, “म्याडम, झरी एक अन् हाफ एक!”

तिनं दोनदा घंटी मारली आणि गर्दीत शिरली.